वायफाय फुल, पण नेट बंद : छोट्या ऑफिसच्या राउटरचा बिघाड शोधायची रीत

राउटरसमोर उभं राहून, एका हातात फोन धरून वाचता यावं म्हणून या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'तर मग' तेवढे काढले आहेत, बाकी भाग आहे तसाच.

मी वर्ध्याहून बोलतोय. आजचा विषय आहे ऑफिसातला राउटर. ऑफिस म्हणजे हिंजवडीतलं काचेचं नव्हे. आपल्या जिल्ह्यातलं छोटं ऑफिस. देवळीतल्या सीएचं, हिंगणघाटच्या अडत्याचं, सेलूच्या रस्त्यावरचं सेवा केंद्र. दोन-तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक राउटर, आणि 'आयटी डिपार्टमेंट' म्हणजे मालकाचा इंजिनिअरिंगला असलेला भाचा.

अशा ठिकाणी नेट बंद पडणं म्हणजे काय, हे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कळतं. खरीप पीक विम्याची मुदत एरवी ३१ जुलैला संपते. २०२३ मध्ये आपल्या राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला, तेव्हा ती ३ ऑगस्टपर्यंत वाढवली होती. पण मुदत वाढेल या भरवशावर कोणी बसत नाही. शेतकरी डवरणी सोडून, सातबारा आणि पासबुक पिशवीत घालून बाकावर बसलेला असतो. तेवढ्यात केंद्रवाली ताई म्हणते, "काका, नेट गेलं." त्या दिवशी राउटर म्हणजे त्या माणसाच्या आणि त्याच्या विम्याच्या मधला दरवाजा असतो.

आणि अशा वेळी नव्वद टक्के लोक काय करतात? सगळ्या वायरी उपटतात, परत खोचतात, आणि शेवटी टाचणीने मागचं रीसेटचं बटण दाबतात. आजच्या भागाचं सांगणं एवढंच आहे, की ते बटण शेवटचं. त्याच्या आधी कुठली कडी तुटली आहे ते शोधायचं. त्याला वीसेक मिनिटं लागतात आणि इंजिनिअर असावं लागत नाही.

आधी साखळी समजून घेऊ

सेवाग्राम आश्रमात गेला असाल तर तिथला जुना टेलिफोन पाहिला असेल. व्हाइसरॉय लिनलिथगोच्या काळात, गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून बसवलेला. त्या फोनचं बरं होतं. आवाज आला तर चालू, नाही आला तर एक तर फोन बिघडला किंवा तार तुटली.

आपल्या नेटचं तसं नाही. इथे निदान पाच कड्या आहेत. पहिली तुमचा लॅपटॉप किंवा मोबाइल. दुसरी राउटर, जो वायफाय देतो. तिसरी फायबरचा डबा, ज्याला कंपनीवाले ओएनटी म्हणतात. भिंतीतून आलेली बारीक पिवळी किंवा पांढरी केबल त्यात शिरते. चौथी तिथून कंपनीपर्यंतची फायबर. पाचवी कंपनीच्या पलीकडचं जग, म्हणजे तुम्हाला उघडायची ती वेबसाइट. काही ठिकाणी राउटर आणि फायबरचा डबा एकाच खोक्यात असतात, तेव्हा दुसरी आणि तिसरी कडी एकच समजा.

मोबाइलवर वायफायच्या चारही दांड्या दिसतात ना, त्या फक्त पहिल्या आणि दुसऱ्या कडीबद्दल सांगतात. तुमचा फोन राउटरला भेटला, बस. राउटरच्या पुढे काय चाललंय याच्याशी त्या दांड्यांचा काही संबंध नाही. घरातला नळ चकाचक आहे म्हणून टाकीत पाणी असेलच असं नाही, तसंच हे.

रीस्टार्ट आणि रीसेट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे

रीस्टार्ट म्हणजे बंद करून चालू करणं. ते बिनधास्त करा, फक्त क्रमाने. दोन्ही डबे बंद करा. पाच मिनिटं थांबा. आधी फायबरचा डबा चालू करा, त्याचे लाइट स्थिर होऊ द्या, मग राउटर.

पाच मिनिटं कशाला? आपल्याकडे 'लाइन' गेली की राउटर निरोप न घेताच झोपतो. कंपनीच्या यंत्राला कधी कधी वाटत राहतं की तुम्ही अजून आत आहात. लगेच परत आलात तर ते म्हणतं, हा माणूस तर आधीच आत बसलाय, दुसऱ्याला घेणार नाही. थोडा वेळ गेला की जुनी नोंद सुटते.

रीसेट म्हणजे राउटरची पाटी कोरी करणं. त्यात तुमचं वायफायचं नाव जातं, पासवर्ड जातो, प्रिंटरची जोडणी जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बऱ्याच कनेक्शनला लागणारं पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड जातं. काही कंपन्यांचा एक व्हीलॅन नंबरही आत भरलेला असतो, तोही जातो. हे सगळं तुमच्याकडे लिहून ठेवलेलं नसेल, तर आधी फक्त नेट बंद होतं, आता ते आणणारा माणूस येईपर्यंत राउटरच निकामी.

म्हणून ऐका. आज नेट चालू असतानाच राउटरच्या सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि कंपनीकडून आपलं युजरनेम-पासवर्ड मागून एका वहीत लिहा. कनेक्शनचे पैसे तुम्ही भरता, त्याची किल्ली तुमच्याकडे असायला हवी.

पायरी एक : बंद कोणाचं आहे?

एकाच कॉम्प्युटरवर नेट नाही आणि बाकी सगळ्यांवर आहे, तर राउटरला हात लावू नका. दोष त्या कॉम्प्युटरचा आहे. सगळ्यांवर नाही, पण लॅनच्या वायरने जोडलेल्यावर आहे, तर दोष वायफायचा. कुठेच नाही, तर पुढे चला.

आणि एकच वेबसाइट उघडत नसेल, बाकी उघडत असतील, तर दोष तुमच्याकडे नाहीच. शेवटच्या तारखेला सरकारी पोर्टल रांगतं, हे काही नवीन नाही. अशा वेळी राउटर बंद-चालू करत बसलात तर हातचं चालू सेशनही जातं.

पायरी दोन : लाइट वाचा

फायबरच्या डब्यावर चार-पाच लाइट असतात. त्यातले दोन ओळखून ठेवा. एक पॉन, दुसरा एलओएस.

पॉन हिरवा आणि स्थिर, एलओएस बंद : कंपनीपर्यंतची फायबर ठीक. पॉन सारखा लुकलुकतोय : डबा कंपनीच्या यंत्राकडे नोंदणी करायचा प्रयत्न करतोय, पण होत नाहीये. एलओएस लाल : डब्यापर्यंत प्रकाशच येत नाहीये. केबल कुठेतरी तुटली, दबली किंवा निघाली.

एलओएस लाल असेल तर राउटरचं काहीही करून उपयोग नाही. फक्त एवढं पाहा, की डब्याच्या मागची केबल खाटेखाली किंवा कपाटामागे चेंगरली तर नाही ना. फायबर म्हणजे केसाएवढी काच. तिचं बांगडीपेक्षा लहान वेटोळं झालं की प्रकाश वाकणावरच बाहेर गळतो. वेटोळं सैल करा. पण केबलचं टोक काढून डोळ्याजवळ धरून 'प्रकाश येतोय का' असं पाहू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

घरातलं सगळं नीट असेल तर तुटलं आहे ते बाहेर. रस्त्याचं काम, पाण्याच्या पाइपची नाली, कोणाचा तरी जेसीबी. हा त्रास देशभर एवढा आहे, की खोदणाऱ्याने आधी केबलवाल्या कंपन्यांना कळवावं यासाठी सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप काढलं.

पायरी तीन : वायर कुठे खोचली आहे?

राउटरच्या मागे एक भोक वेगळ्या रंगाचं असतं, बहुतेक निळं. त्यावर वॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं असतं. फायबरच्या डब्यातून आलेली वायर तिथे. बाकीची भोकं लॅनची, ती कॉम्प्युटर आणि प्रिंटरसाठी. झाडताना वायर निघाली आणि कोणीतरी चुकीच्या भोकात खोचली, हा प्रकार फार होतो.

वायर बदलून पाहा. आरजे-४५ च्या प्लगची प्लास्टिकची क्लिप तुटलेली असेल तर तो प्लग आत बसल्यासारखा दिसतो, पण बसलेला नसतो.

पायरी चार : पत्ता पाहा

आता थोडं आत शिरू. घाबरू नका.

विंडोजच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग असं टाइप करा. अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजीत. एक पत्ता दिसेल.

तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. त्याने वाट पाहिली, कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून स्वतःच एक पत्ता लावून घेतला. दोष पहिल्या-दुसऱ्या कडीत : वायर, वायफाय, किंवा राउटर गोठलाय.

तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर राउटरपर्यंत सगळं ठीक. आता गेटवे नावाच्या ओळीतला पत्ता ब्राउझरमध्ये टाका, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. राउटरचं पान उघडेल. तिथे वॅन किंवा इंटरनेट स्टेटस शोधा. तिथे ०.०.०.० दिसलं, तर राउटरला कंपनीने आत घेतलेलं नाही. कारणं ठरलेली : प्लॅनची मुदत संपली, युजरनेम-पासवर्ड चुकलं, किंवा नवा राउटर लावलाय आणि कंपनीने जुन्याचा मॅक अ‍ॅड्रेस बांधून ठेवलाय. पहिलं कारण आधी तपासा. रिचार्ज संपलेला असतो आणि आपण स्क्रूड्रायव्हर शोधत असतो.

पायरी पाच : तीन पिंग

पिंग म्हणजे पलीकडच्याला हाक मारणं आणि 'ओ' येते का ते पाहणं. तीन हाका मारायच्या.

पहिली गेटवेला. ओ आली, तर राउटर जिवंत आहे.

दुसरी ८.८.८.८ ला. हा गूगलचा सर्व्हर आहे. ओ आली, तर तुम्ही जगापर्यंत पोचलात.

तिसरी कुठल्याही ओळखीच्या वेबसाइटच्या नावाला. आकड्याला ओ येते आणि कॉम्प्युटर म्हणतो की हे नाव सापडत नाही, तर दोष डीएनएसचा. डीएनएस म्हणजे नावावरून नंबर शोधून देणारी टेलिफोन डिरेक्टरी. कंपनीची डिरेक्टरी बंद पडली असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि दुसऱ्या रकान्यात १.१.१.१ भरा.

तिन्ही हाकांना ओ येते, तरी सगळ्या वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणतात? कॉम्प्युटरची तारीख पाहा. जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्डवरचा सेल संपला, की लाइन गेल्यावर तारीख पार मागच्या सालात जाते. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि तारखेचा मेळ बसत नाही म्हणून ब्राउझर अडतो.

दोन पिंपळगावांची गोष्ट

आता एक खरा किस्सा. सेलू तालुक्यातलं एक सेवा केंद्र, जुलैचा शेवटचा आठवडा. आदल्या रात्री विजा कडाडल्या आणि राउटर गेला. ताईंनी वर्ध्याहून नवा राउटर आणला आणि वायर निळ्या भोकात खोचली. वायफाय आलं, नेट नाही. कंपनीला तीनदा फोन केला. तीनदा उत्तर आलं, "मॅडम, आमच्याकडून लाइन ओके आहे." ताईंना वाटलं टोलवताहेत. मग त्यांनी मला फोन केला.

मी त्यांना म्हटलं, "ताई, राउटर बाजूला ठेवा. लॅपटॉपची वायर सरळ फायबरच्या डब्यात लावा." नेट धाडकन चालू. म्हणजे कंपनी खरंच सांगत होती. फायबर ठीक, डबा ठीक, लॅपटॉप ठीक. दोष फक्त नव्या राउटरच्या कडीत. पण राउटर तर कोरा करकरीत.

झालं असं होतं, की फायबरचा डबा स्वतःच एक राउटर होता. त्याचा पत्ता १९२.१६८.१.१. आणि नवा राउटर कारखान्यातून आला तोही १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन.

पिंपळगाव नावाची गावं महाराष्ट्रात किती आहेत, मोजून पाहा. समजा तुमच्या पिंपळगावच्या पोस्टमनकडे पत्र आलं, 'मुक्काम पिंपळगाव'. तो ते दुसऱ्या पिंपळगावला कशाला पाठवेल? त्याला वाटणार, हे आपलंच. ते पत्र गावाबाहेर पडणारच नाही. नवा राउटर तेच करत होता. बाहेरच्या डब्याकडे जायचं टपाल त्याला स्वतःच्याच घरचं वाटत होतं.

टपाल खात्याला हीच अडचण होती. एकसारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या लिप्या. त्यावर तोड काढली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने, संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड आला. तेव्हापासून नाव कितीही सारखं असो, ४४२००१ म्हटलं की वर्धाच.

आपण राउटरला दुसरा पिन कोड दिला. त्याच्या लॅन सेटिंगमध्ये जाऊन पत्ता १९२.१६८.५०.१ केला, सेव्ह केलं, रीस्टार्ट केलं. नेट सुरू. बाकावरचे काका तोवर चहा घेऊन परत आले होते, त्यांचा फॉर्म दुपारच्या आत भरला गेला.

काही नवे राउटर ही टक्कर स्वतःच ओळखून पत्ता बदलतात, पण सगळे नाही. नवा राउटर लावल्याबरोबर नेट येत नसेल, तर ही गोष्ट आठवा. आणि लॅपटॉप सरळ डब्याला लावून पाहायची युक्ती तर कायमची लक्षात ठेवा. एका फटक्यात अर्धी साखळी तपासून होते. फक्त तुमचं पीपीपीओई फायबरच्या डब्यात नसून राउटरमध्ये भरलेलं असेल, तर लॅपटॉपवर नेट असं आपोआप येणार नाही, हे ध्यानात असू द्या.

ऊन, वीज आणि अ‍ॅडॉप्टर

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाचं छत, बंद शटर, आणि राउटर ठेवलाय फ्रीजवर किंवा इन्व्हर्टरच्या बाजूला. दुपारी दोन वाजता रोज नेट जातं आणि संध्याकाळी येतं, असं असेल तर कंपनीला शिव्या देण्याआधी राउटरला हात लावून पाहा. चटका बसत असेल तर त्याला मोकळ्या जागी, भिंतीवर लावा.

दुसरा लपलेला चोर म्हणजे अ‍ॅडॉप्टर. तो थकला की लाइट लागतात, पण काम वाढलं की राउटर बंद होऊन परत सुरू होतो. लोक राउटर बदलतात, खरं तर दोन-तीनशे रुपयांचा अ‍ॅडॉप्टर बदलायचा असतो. मात्र व्होल्ट तेवढेच हवेत, १२ म्हणजे १२. अँपिअर तेवढे किंवा जास्त, कमी नको.

आणि ढग गडगडायला लागले की अ‍ॅडॉप्टर सॉकेटमधून काढा. फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही. पण सॉकेटमधून येते, आणि एका कॉम्प्युटरमधून लॅनच्या वायरने दुसऱ्यापर्यंतही जाते.

कंपनीला फोन करताना

"नेट चालत नाही" एवढंच सांगितलं, की समोरचा म्हणणार, "राउटर बंद करून चालू करा." त्याऐवजी असं सांगा : "सकाळी १०.२० पासून एलओएस लाल आहे. वायर तपासली. शेजारच्या दोन दुकानांतही हेच आहे." किंवा : "पॉन स्थिर आहे, पण वॅनला पत्ता मिळत नाही. प्लॅन चालू आहे." आता त्याला कळतं की माणूस कुठे पाठवायचा. तक्रार क्रमांक घ्या आणि वेळेसकट लिहून ठेवा.

लाइनमन आला की त्याला विचारा, "भाऊ, पॉवर किती येते?" तो मीटर लावून डीबीएममध्ये आकडा सांगेल, मायनस वीस, मायनस बावीस असा. मायनस २७ च्या आसपास असेल तर डबा कसाबसा तग धरून आहे, कधीही नेट जाईल. जोड नीट करून घेतल्याशिवाय त्याला सोडू नका. पुढच्या वेळी तुलना करता यावी म्हणून आकडा डब्यावरच लिहून ठेवा.

आणि तोवर काम कसं चालवायचं?

मोबाइलचा हॉटस्पॉट लावा, किंवा केबलने यूएसबी टेदरिंग करा. त्यात फोन चार्जही होतो. शक्यतो राउटरला आहे त्यापेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम ठेवा. फायबर तुटली की कधी कधी त्याच कंपनीचा टॉवरही आडवा होतो. कागद स्कॅन करून, नावं लिहून, फॉर्मची सगळी माहिती आधीच तयार ठेवा. नेट आलं की फक्त भरायचं राहतं.

शेवटी एक गृहपाठ. एक कागद घ्या आणि राउटरच्या शेजारी भिंतीवर चिकटवा. त्यावर एवढं लिहा : कंपनीचा फोन नंबर, ग्राहक क्रमांक, प्लॅन संपायची तारीख, राउटरचा पत्ता, आणि नीट चालू असताना कुठले लाइट कसे दिसतात ते. पासवर्ड मात्र त्या कागदावर नको, तो वहीत. खाली मोठ्या अक्षरात : 'रीसेट करू नये.' भाचा पुण्याला गेलेला असला तरी हा कागद तिथेच असतो.

तुमच्या राउटरने याहून वेगळा काही खेळ केला असेल, तर कळवा. कुठले लाइट लागले होते तेही लिहा, म्हणजे पुढच्या भागात नेमकं बोलता येईल. भेटू या. तोवर डबा थंड ठेवा, डोकंही.